शार्कसोबत डायव्हिंग आणि शार्कचं रक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूबा शिकायला येणारे, मालदीवची तिकिटं काढून बसलेले, किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि आवडीने मासे खाणारे, अशा सगळ्यांकडून शार्कविषयी जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाला लागून आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शार्क म्हणजे आपल्या बाजारात मिळते ती मुशीच का?

हो, तीच. मालवणी मुलखात तिला मोरी म्हणतात. जगात शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. आपल्याकडच्या पाट्यांमध्ये सर्वांत जास्त दिसते ती चपट्या नाकाची लहान मुशी. पूर्ण वाढली तरी ती पाऊण मीटरच्या पुढे जात नाही. दुसऱ्या टोकाला व्हेल शार्क आहे. तो बारा मीटर आणि त्याहूनही मोठा होतो, आणि समुद्रातले बारीक जीव पाण्यातून गाळून खातो. दोघांचाही सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. पाकट, गिटारफिश आणि करवत मासा हे याच कुळातले, त्यामुळे कायद्यात आणि संरक्षणाच्या चर्चेत त्यांची नावं बहुतेक वेळा शार्कसोबतच येतात.

२. मालवणला किंवा तारकर्लीला स्कूबा केलं तर शार्क दिसेल का?

बहुतेक नाही. पर्यटकांना पाण्यात उतरवतात ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची जागा उथळ आहे, आणि तिथे काही मीटर खोलीपर्यंतच नेतात. पाणीही कधी स्वच्छ तर कधी गढूळ असतं. त्या खडकांत प्रवाळ, पोपटमासे आणि फुलपाखरू मासे छान दिसतात. शार्कपैकी दिसलाच तर दगडाच्या कपारीत पडून राहिलेला छोटा बांबू शार्क दिसेल, आणि तोही नशीब असेल तरच. किनाऱ्यापासून आत कधीमधी व्हेल शार्क फिरकतो, पण त्याच्या भरवशावर सहल आखू नका. 'शार्क दाखवतो' असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तिथे जा, पण तिथल्या प्रवाळासाठी जा.

३. मग शार्क नक्की कुठे दिसतात? भारतात जमेल का?

भारतात लक्षद्वीप सर्वांत चांगलं. अगत्ती, बंगारम आणि कदमतच्या बाजूला व्हाइटटिप आणि ग्रे रीफ शार्क दिसतात. अंदमानातही दिसतात, पण रोज दिसतीलच असं नाही. कर्नाटकात मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर अधूनमधून एखादा दिसल्याची बातमी येते.

आपल्याला परवडेल आणि शार्क दिसण्याची शक्यताही जास्त असेल असं ठिकाण म्हणजे मालदीव. भरतीचं पाणी प्रवाळद्वीपांच्या मधल्या खाड्यांतून (चॅनेलमधून) आत येतं तेव्हा त्यांच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क प्रवाहात जागच्या जागी तरंगत असतात. दक्षिण आरी प्रवाळद्वीपात व्हेल शार्क वर्षभर दिसतात. ते बहुतेक तरुण नर असतात. बा प्रवाळद्वीपातल्या हानिफारू उपसागरात मांटा पाकटांची गर्दी होते, पण तिथे हवेची टाकी लावून उतरायला बंदी आहे. फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे वरच्या वर नळीतून श्वास घेत पोहणं, करता येतं. फुवाहमुलाहबद्दल प्रश्न ८ पाहा.

४. पोहता येत नाही. तरी शार्कसोबत डाइव्ह करता येईल का?

शार्क असलेल्या खोल, प्रवाहाच्या पाण्यात नाही. मालवणला गाइड तुम्हाला धरून खाली नेतो त्या अनुभव-डाइव्हसाठी पोहता यावं लागत नाही, हे खरं. पण त्या एका डाइव्हच्या बळावर मालदीवच्या खाडीत उतरायचं नसतं. आधी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स करा. त्यात न थांबता २०० मीटर पोहावं लागतं, किंवा मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स लावून ३०० मीटर, आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं, आणि अ‍ॅडव्हान्स्डनंतर ३० मीटरपर्यंत. शार्कच्या बऱ्याच चांगल्या जागा या दोन आकड्यांच्या मधल्या खोलीवर असतात.

नुसतं प्रमाणपत्र हातात असून भागत नाही. प्रवाहात एका जागी थांबता येतं का, हात न मारता तरंगता येतं का, हवेचा काटा स्वतःहून बघायची सवय लागली आहे का, हे जमलं की मगच जा. पाण्यावर येताना फुगवायची लाल-केशरी सिग्नल नळी स्वतःची घ्या आणि ती वापरायला शिका. शार्कच्या डाइव्हवर खरा धोका बहुतेक वेळा प्रवाहात वाहून जाण्याचा, किंवा शार्कच्या मागे जाता जाता नकळत खोल उतरण्याचा असतो.

५. शार्क चावणार नाही याची खात्री काय?

शंभर टक्के खात्री कुणी देत असेल तर त्याच्या बोटीत बसू नका. धोका खूप कमी आहे, शून्य नाही. जगभरात माणसाने काही न करता शार्क चावल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात. त्यांतले बहुतेक लोक लाटांवर सर्फिंग करणारे किंवा पोहणारे असतात. बुडी मारून खाली गेलेला डायव्हर शार्कला आधीच दिसलेला असतो.

आपल्याकडेही अशी घटना घडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शिरलेल्या एका मोठ्या शार्कने मासेमारीला गेलेल्या तरुणाचा पाय तोडला. बुल शार्क खाडीतून नदीच्या गोड्या पाण्यातही जाऊ शकतो. गढूळ पाण्यात त्याला आपण नीट दिसत नाही आणि आपल्यालाही तो दिसत नाही, म्हणून नदीच्या खाडीच्या मुखाशी, गढूळ पाण्यात, किंवा जाळं ओढत असतील तिथे पोहू नये. हा नियम शार्क बघायला गेलेल्यांनाही लागू आहे.

६. पाळी चालू असताना डाइव्ह केलं तर शार्क येतात का?

असं होतं याचा कुठलाही पुरावा नाही. पाळीत पाण्यात मिसळणारं रक्त फार थोडं असतं, आणि शार्कला ओढणारे वास मुख्यतः जखमी माशांचे असतात. अनेक गाइड बायका महिन्याचे सगळे दिवस शार्कच्या पाण्यात उतरतात. पोटात दुखत असेल, थकवा असेल, तर डाइव्ह टाळायला तेवढं कारण पुरेसं आहे. शार्कच्या भीतीने टाळू नका, आणि हा प्रश्न विचारताना संकोचूही नका. गरोदर असाल तर मात्र टाकी लावून उतरायचं नाही, शार्क असोत वा नसोत.

७. पाण्यात शार्क दिसला की नेमकं काय करायचं?

थांबायचं. त्याच्याकडे पोहत जायचं नाही. ग्रे रीफ शार्क लाजाळू असतो, तुम्ही पाठलाग केला की दोन झटक्यांत दिसेनासा होतो आणि मागच्या दहा जणांचीही डाइव्ह वाया जाते. प्रवाळाच्या कडेला खाली राहा आणि हात अंगाशी ठेवा, कारण पांढरा तळवा पाण्यात हलला की तो मासा वाटू शकतो. श्वास सावकाश घ्या. नजर शार्कवर ठेवा. गोल फिरणारा शार्क मागे गेला तर तुम्हीही वळा, त्याला पाठ दाखवू नका. अंगावर चमकणारं काही नको: साखळी, कानातलं, मंगळसूत्र, सगळं खोलीवर काढून ठेवा. पाण्यात ते हरवण्याचीच भीती जास्त आहे, पण खवल्यांसारखी चकाकीही शार्कला खेचते.

एक खूण मात्र पाठ करून ठेवा. ग्रे रीफ शार्क घाबरून चिडला की पाठ कमानीसारखी वर काढतो, छातीकडचे दोन्ही पर खाली पाडतो, नाक वर करतो आणि अंग नेहमीपेक्षा जास्त वळवत, आखडल्यासारखा पोहायला लागतो. ते एकदा पाहिलं की नेहमीच्या पोहण्याशी त्याची गल्लत होत नाही. याचा अर्थ तुम्ही फार जवळ आलात, किंवा तो आणि मोकळं पाणी यांच्या मध्ये तुम्ही उभे आहात. कॅमेरा खाली घ्या, फ्लॅश बंद करा, त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरका आणि त्याला निघायला वाट द्या. या वेळी अजून एक फोटो काढायच्या मोहात पडलेल्यांनाच चावे बसले आहेत.

झोपलेला व्हाइटटिप किंवा नर्स शार्क दगडाखाली दिसला तर त्याच्या गुहेच्या तोंडाशी बसू नका. शेपटीला हात लावणं तर दूरच.

८. मालदीवमध्ये टायगर शार्कसोबत डाइव्ह करतात ती जागा सुरक्षित आहे का?

ती जागा म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाजवळचं फुवाहमुलाह बेट. तिथल्या बंदरात मच्छीमार टुना साफ करून उरलेले तुकडे पाण्यात टाकत आले, त्यावर टायगर शार्क येऊ लागले, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्याभोवती डायव्हिंगचा धंदा उभा राहिला. अंगावरच्या पट्ट्यांवरून आणि खुणांवरून अभ्यासकांनी तिथले दोनशेहून अधिक टायगर शार्क वेगवेगळे ओळखले आहेत. त्यांत माद्या फार, आणि बऱ्याच गाभण. हे बेट २०२० पासून अड्डूसोबत युनेस्कोच्या जैवावरण राखीव क्षेत्रात आहे.

टायगर शार्क तीन-चार मीटरचा असतो आणि सावकाश, सरळ तुमच्याकडे येतो. जवळ आलेल्याचं डोकं वरून तळव्याने हलकेच वळवायचं काम गाइडचं आहे, तुमचं नाही. गट एका ओळीत, पाठ खडकाला. ओपन वॉटरनंतरची दुसरी-तिसरी डाइव्ह इथे करायला जाऊ नका. आधी किती डाइव्ह झाल्या हे न विचारता नाव नोंदवून घेणारा गाइड टाळा. तिथे माशांची डोकी ठेवून शार्क बोलावतात, त्याबद्दल पुढचा प्रश्न.

९. शार्कना खायला घालून दाखवणं बरोबर आहे का?

एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून दोन जागा शेजारी ठेवून पाहू.

फिजीत बेका लगूनजवळ शार्क रीफ नावाचा भाग आहे. तिथे बुल शार्कना हाताने मासा भरवतात. २००४ साली तिथल्या गावांनी या प्रवाळावरची पिढीजात मासेमारी सोडली, आणि त्या बदल्यात येणाऱ्या प्रत्येक डायव्हरमागे गावांना शुल्क मिळू लागलं. २०१४ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. बाहेरच्या नावा येऊ नयेत म्हणून पहारा गावातले लोक देतात. पर्यटक किती, कुठे बसायचं, हातमोजे कोणते, सगळं ठरलेलं. तिथे प्रवाळही सुधारला.

फिलिपाइन्समध्ये ओस्लोब इथे २०११ पासून व्हेल शार्कना कोळंबीचा चुरा भरवतात. मच्छीमार कुटुंबांना यातून नियमित कमाई झाली, ती खोटी नाही. पण हजारो किलोमीटर भटकणारा हा प्राणी तिथे महिनोन्महिने थांबतो, होडी दिसली की तिच्याकडे तोंड वळवतो, आणि तिथल्या बहुतेक व्हेल शार्कच्या अंगावर होड्यांचे, दोरांचे घाव आहेत. शेकडो लोक एकाच वेळी पाण्यात असतात. होडीला न घाबरणारा व्हेल शार्क दुसऱ्या किनाऱ्यावर शिकाऱ्याच्याही होडीजवळ जाईल.

मी पहिल्या जागी जायला सांगेन, दुसऱ्या जागी नाही. खाऊ घालणं कुठे चालवून घ्यावं, तर जिथे मासेमारी खरोखर बंद झाली आहे, पैसा गावात पोचतो, आणि शार्कच्या नेहमीच्या फिरण्यावर परिणाम होत नाही याची कुणीतरी नोंद ठेवतं. व्हेल शार्कला तर भरवूच नये.

१०. पिंजऱ्यातून ग्रेट व्हाइट पाहायला दक्षिण आफ्रिकेला जावं का?

पिंजऱ्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून हा पर्याय लोकांना सोपा वाटतो. पण त्यासाठी तिथल्या गान्सबाई गावाला जाण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या. २०१७ पासून 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' नावाच्या दोन ऑर्कांनी (किलर व्हेल) तिथल्या ग्रेट व्हाइट शार्कची शिकार करून त्यांची यकृतं खायला सुरुवात केली, आणि शार्क तिथून दूर जायला लागले. आता तिथे बऱ्याचदा ब्राँझ व्हेलर शार्क दिसतात. एजंटला हे सरळ विचारा.

मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावरचं ग्रेट व्हाइट पर्यटन तर जानेवारी २०२३ मध्ये सरकारने बंदच केलं. त्याआधी तिथे शार्क पिंजऱ्याच्या सळ्यांत अडकले होते. आमिष पिंजऱ्याच्या अगदी तोंडाशी ओढलं की असं होतं.

११. पर्यटनामुळे शार्क वाचतात हे खरं की जाहिरात?

मालदीवच्या बाबतीत खरं. १९९३ साली तिथे एक साधा हिशोब मांडला गेला. मारलेल्या ग्रे रीफ शार्कचे मच्छीमाराला एकदाच ३२ डॉलर मिळत. तोच शार्क डाइव्हच्या जागी जिवंत असला तर सरासरी वर्षाला ३,३०० डॉलरचा धंदा आणतो, आणि सर्वांत प्रसिद्ध जागेवरचा शार्क ३३,५०० डॉलरचा. १९९८ मध्ये पर्यटनाच्या भागात शार्कच्या मासेमारीवर बंदी आली, आणि २०१० मध्ये देशभर. पलाऊने २००९ मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखीव केला.

पण या हिशोबात एक खोट आहे, आणि ती मच्छीमार लगेच दाखवतात: ३२ डॉलर मच्छीमाराच्या खिशात जात होते, ३,३०० डॉलर हॉटेलच्या. मालदीवला टुनाच्या गळाच्या मासेमारीचा आधार होता म्हणून ते निभावलं. जिथे तसा आधार नाही तिथे पर्यटनाचा पैसा त्याच वस्तीत गेला पाहिजे, नाहीतर रात्री जाळी पडतातच. म्हणून बुकिंग करताना मी सर्वांत आधी हे पाहायला सांगते की बोट कुणाची, गाइड कुठल्या गावचे, आणि गावाला शुल्क जातं का.

१२. व्हेल शार्कसोबत पोहताना किती अंतर ठेवायचं? फोटो चालतात का?

अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर. समोर आडवं जायचं नाही, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. बाजूने पोहा. तो खाली गेला तर जाऊ द्या.

फोटो चालतात, एवढंच नाही, उपयोगीही पडतात. डाव्या बाजूने, शेवटच्या कल्ल्याच्या मागे आणि छातीकडच्या पराच्या वर जो भाग आहे तिथे पांढऱ्या ठिपक्यांची रचना असते, आणि ती प्रत्येक व्हेल शार्कची वेगळी. आकाशातले तारे जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी बनवलेली गणिती पद्धत वापरून हे ठिपके जुळवतात. शार्कबुक या जागतिक नोंदसंग्रहात फोटो, तारीख आणि जागा टाकली की तो शार्क आधी कुठे दिसला होता हे कळू शकतं. चेहऱ्याचे सुंदर फोटो पुष्कळ असतात, या कुशीच्या फोटोची खरी गरज आहे.

१३. शार्क एवढे कमी का झाले?

मासेमारीमुळे, बाकी कारणं त्याच्या खूप मागे. १९७० पासून पुढच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. शार्क आणि पाकटांच्या सुमारे एक तृतीयांश जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

घट भरून का येत नाही ते त्यांच्या प्रजननात आहे. ग्रे रीफ शार्कची मादी सुमारे वर्षभर पिल्लं पोटात वाढवते आणि एका वेळी एक ते सहाच देते. व्हेल शार्क वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागू शकतात. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशे पिल्लं सापडली. म्हणजे तेव्हा एक मासा नाही, तीनशे एक गेले. याला अपवाद आपली चपट्या नाकाची मुशी: ती वर्ष-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी डझनभर पिल्लं देते. म्हणून सगळ्या मुश्यांना एकच नियम लावता येत नाही.

१४. मोरीचं मटण खाणं गुन्हा आहे का?

सरसकट नाही. लहान मुशीच्या मासेमारीवर बंदी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने काही जातींना मात्र वाघाइतकंच कडक संरक्षण दिलं आहे. व्हेल शार्कचं नाव मे २००१ मध्ये आलं. त्याच वर्षी गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क, करवत मासे आणि काही पाकटही यादीत आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर यादी आणखी वाढली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

कायद्याच्या पलीकडे माझं म्हणणं सांगते. मोठ्या माशाचे तुकडे केल्यावर ती कुठली मुशी हे ओळखता येत नाही, तेव्हा तुकडे घेऊ नका. लिलावात हॅमरहेडची वीतभर पिल्लं ओळीने मांडलेली दिसतात. डोकं दोन्ही बाजूंना रुंद आणि डोळे टोकांना, त्यामुळे ती लगेच ओळखू येतात. ती घेऊ नका. विकत कुणी घेत नाही हे कळलं की कोळीण पुढच्या वेळी तसा वाटा लावत नाही.

१५. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देतात. ते चांगलं की वाईट?

परंपरा जुनी आहे, आणि आजीशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट तिलाही सांगावी. शार्क इतर मासे खातो आणि बरीच वर्षं जगतो, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठत जातो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांना शार्क खाऊ नका असंच सांगतं. मोठ्या मुशीत पारा जास्त असतो. बाळंतिणीसाठी बांगडा, तारली यांसारखे लहान मासे जास्त बरे.

१६. जाळ्यात व्हेल शार्क सापडला तर मच्छीमाराने काय करायचं?

जाळं कापून सोडायचं, आणि सोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित सागरी प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो, अर्ज मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जातो. शेपटीला दोर बांधून बंदरापर्यंत ओढत आणू नका. अशाने कल्ल्यांतून पाणी नीट जात नाही आणि मासा मरतो.

हे करता येतं हे गुजरातने दाखवलं आहे. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्क गळाने मारत आणि यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली आणि मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. मारणाऱ्याच गावांनी त्यानंतर शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले. पूर्ण जाळ्याची किंमत सरकारी भरपाईत भरून येत नाही, आणि मासळीचा दिवस तर बुडतोच. त्यामुळे सोडणाऱ्याचं नाव गावात, शाळेत, वर्तमानपत्रात आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१७. बाजारात किंवा बंदरावर संरक्षित जात दिसली तर कुणाला कळवू?

महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६. जागा, वेळ आणि लांबून काढलेला फोटो पुरे. तिथे भांडू नका. अनेकदा विकणारीला जात माहीतच नसते, तिने मासा लिलावातून घेतलेला असतो.

१८. मालदीवहून किंवा थायलंडहून शार्कचा जबडा, दात, पर आणता येतील का?

आणू नका. अनेक शार्क साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या पनामा परिषदेत रेक्विएम कुळातले शार्कही त्यात घातले गेले, ज्यात ग्रे रीफ आणि ब्लॅकटिप शार्क येतात. परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेणं बेकायदा आहे. भारतातून शार्कचे पर निर्यात करायला फेब्रुवारी २०१५ पासून बंदी आहे. तरी सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईत शिवडीला आणि वेरावळला मिळून सुमारे ८,००० किलो पर महसूल गुप्तचर विभागाने पकडले, इतका तो धंदा अजून मोठा आहे. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या जुन्या दाताबद्दलही हाच सल्ला: तिथेच राहू द्या.

१९. शेवटची डाइव्ह आणि मुंबईचं विमान यांच्यात किती वेळ ठेवायचा?

अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. पूर्ण दिवस ठेवला तर उत्तम. मालदीवमध्ये बेटावरून मालेला येणारं छोटं विमानही यात मोजा. लोक ते विसरतात. घरी आल्यावर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, विचित्र थकवा आला तर दाबकक्षाची (डायव्हरना जास्त दाबाखाली ठेवून उपचार करतात त्या खोलीची) सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि डाइव्ह केल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे. डायव्हिंगचा वेगळा विमा आधीच घ्या. साध्या प्रवास विम्यात हे बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

२०. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला नेता येईल?

दहाव्या वर्षापासून ज्युनियर ओपन वॉटर करता येतं, खोलीची मर्यादा कमी असते. व्हेल शार्कसोबत स्नॉर्कलिंग, उथळ लगूनमधले ब्लॅकटिपचे बच्चे, हे त्याला नक्की दाखवा. टायगर किंवा बुल शार्कच्या डाइव्हला नाही. दमा, कानाचा त्रास, फिट येणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची सही.

याच क्षेत्रात शिकायचं असेल तर रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, या जागा एकदा प्रत्यक्ष दाखवून आणा.

२१. आंग्रिया बँकवर शार्क आहेत म्हणतात. तिथे डाइव्ह करता येईल?

कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा हा बुडालेला प्रवाळ-पठार विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आहे. सर्वांत वरचा भागही वीसेक मीटर खोल. पाणी स्वच्छ आणि प्रवाळ निरोगी. पण रोजच्या पर्यटनाची सोय नाही, दाबकक्ष फार दूर, आणि काही झालं तर किनारा गाठायलाच तासन् तास लागतात. नवख्या डायव्हरने नाव काढू नये. तिथे आधी नीट संरक्षण यावं आणि डायव्हर नंतर जावेत, असं मला वाटतं.

२२. डाइव्हवर गाइडनेच शार्कला हात लावला, किंवा झोपलेल्याला ओढून बाहेर काढलं. पाण्याखाली मी काय करू शकतो?

पाण्याखाली भांडण नको. गटापासून वेगळेही होऊ नका, ते तुमच्यासाठी धोक्याचं आहे. मागे सरका, कॅमेरा खाली घ्या आणि मान हलवून 'नको' सांगा. फोटो काढायला कुणी उरलं नाही की गाइड बहुतेक वेळा सोडून देतो, कारण तो हे तुमच्या खुशीसाठीच करत असतो. बोटीवर आल्यावर शांतपणे, सगळ्यांसमोर नाही, त्याला सांगा की आम्हाला हात न लावता पाहायचं आहे, आणि बक्षिसी त्यासाठीच देऊ. मग प्रमुखाला लिहून कळवा, तारीख आणि जागेसह. टायगर शार्कचं डोकं वळवणं हा वेगळा प्रकार आहे (प्रश्न ८). ते सुरक्षेसाठी असतं. शार्क स्वतःहून जवळ आला होता की त्याला ओढून आणला, एवढ्यावरून फरक ओळखता येतो.